ड्युटी म्हणजे दंड नव्हे

आटगावला कसारा लोकलमधून दोन मोठ्या ट्रॉली बॅगा ओढत कोणी उतरले, की घर येईपर्यंत दोन प्रश्न ठरलेले: काय काय आणलेस, आणि कस्टमवाल्यांनी किती काढून घेतले? या दुसऱ्या प्रश्नातच सगळा घोळ आहे. विमानतळावर काहीतरी 'काढून घेतात', कोणाचे घ्यायचे ते साहेबांच्या मर्जीवर असते, आणि हुशार माणूस खोकी फेकून, बिले फाडून, मान खाली घालून बाहेर पडतो, अशी आपल्याकडची पक्की समजूत. शहापूर-मुरबाडची पोरे आता दुबई-मस्कतपासून न्यू जर्सीपर्यंत पोचली, पण ही समजूत अजून जुन्या जमान्यातच आहे.

ती उगाच आलेली नाही. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याखाली सर्वसामान्य माणसाने घरात सोन्याचे बिस्कीट ठेवणे हाच गुन्हा होता. परदेशी घड्याळ, ट्रान्झिस्टर, सेंटची बाटली या वस्तू 'कुठून मिळवल्या' ते हळू आवाजात सांगायच्या. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. १९९२ पासून परदेशस्थ भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोने उघडपणे आणण्याची मुभा मिळाली. कायदा बदलून तीन दशके उलटली, भीती मात्र घराण्यात पुढे चालत आली.

पहिला गैरसमज असा, की रेड चॅनलला जाणारा माणूस अडकतो आणि ग्रीन चॅनलने जाणारा सुटतो. प्रत्यक्षात उलटे घडते. सवलतीपेक्षा जास्त सामान असलेल्याने रेड चॅनलला जायचे, एवढाच त्या लाल पाटीचा अर्थ. तिथे काउंटरवर बॅग उघडतात, वस्तू आणि बिल पाहतात, हिशेब करतात, पैसे घेतात आणि पावती देतात. वीजबिल भरण्याइतकाच रुक्ष कारभार. ग्रीन चॅनलमधून चालत जाणे मात्र कायद्याच्या नजरेत एक निवेदन असते: 'माझ्याकडे शुल्क भरण्याजोगे काही नाही.' तोंडातून शब्द काढला नाही तरी ते निवेदन झालेच. बॅग स्कॅनरवर अडली आणि आत दोन नवे फोन, एक टीव्ही, चार घड्याळे निघाली, तर मामला शुल्कापुरता राहत नाही. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याप्रमाणे माल जप्त होऊ शकतो, तो सोडवायला वेगळा दंड, शिवाय तुमच्यावर शास्ती. गावात 'कस्टमने लुटले' म्हणून जे किस्से फिरतात, त्यांतल्या बऱ्याच किश्शांत ग्रीन चॅनलचा भाग सांगायचा राहून गेलेला असतो.

दुसरा गैरसमज हिशेबाचा. 'पन्नास हजारांच्या वर गेले की सगळ्यावर ड्युटी' हे वाक्य दोन ठिकाणी चुकले आहे. पन्नास हजारांची मर्यादा २०१६ च्या बॅगेज नियमांतली. फेब्रुवारी २०२६ पासून नवे नियम लागू झाले आणि भारतात राहणाऱ्या, तसेच भारतीय वंशाच्या प्रवाशाची मर्यादा ७५,००० रुपये झाली. आणि शुल्क लागते ते फक्त वरच्या रकमेवर. समजा मुरबाडचा एक मुलगा मस्कतहून ९०,००० रुपयांचे नवे सामान घेऊन आला. ७५,००० वजा केले, उरले १५,०००. बॅगेजवर बरीच वर्षे चालत आलेला दर ३५ टक्के, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे एकूण ३८.५ टक्के. १५,००० वर होतात ५,७७५ रुपये. नव्वद हजारांच्या सामानावर पावणेसहा हजार. एवढ्यासाठी माणसे विमानप्रवासात घशाखाली घास उतरू देत नाहीत!

अंगावरचे कपडे, वापरातल्या वस्तू या हिशेबात धरायच्याच नाहीत. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप वेगळा मोफत; तोही पंचाहत्तर हजारांत मोजत नाहीत. पण इथे आपले हुशार लोक एक पाऊल पुढे जातात. नव्या फोनचे खोके दुबईतच टाकायचे आणि फोन 'वापरातला' म्हणून दाखवायचा. खिशात एक फोन असेल तर कोणी काही म्हणणार नाही. बॅगेत तीन सापडले, तिन्हींच्या काचेवरचा प्लास्टिकचा पापुद्राही निघालेला नसेल, तर खोके कुठे गेले हे अधिकाऱ्याला सांगावे लागत नाही. बिल नसले म्हणजे किंमत नसते असेही नाही. अधिकारी बाजारभाव पाहून किंमत ठरवतो. बिल फाडणाऱ्याने आपल्या बाजूचा एकमेव पुरावा फाडलेला असतो. परकीय चलनाचे रुपये करतानाही बँकेचा किंवा गूगलचा दर लागत नाही, सीमाशुल्क मंडळाने जाहीर केलेला दर लागतो.

'आम्ही चौघे आहोत, म्हणजे तीन लाखांची सूट' हेही एक आवडते गणित. सूट माणशी असते आणि ती एकत्र करता येत नाही. नवरा-बायकोने मिळून दीड लाखाचा कॅमेरा आणला तर तो अर्धा त्याच्या, अर्धा तिच्या वाट्याला टाकता येणार नाही. कडेवरच्या तान्ह्या बाळाच्या नावावर तर त्याचे दुपटे-झबले सोडून काहीच सुटत नाही. आणि टीव्ही? फ्लॅट टीव्हीला ऑगस्ट २०१३ पासून मोफत सवलतच नाही. साठ हजारांच्या टीव्हीवर ३८.५ टक्क्यांनी २३,१०० रुपये. शहापूरच्या बाजारात तोच टीव्ही वॉरंटीसकट मिळतो. परदेशातून टीव्ही आणणे हा आता निव्वळ हौसेचा भाग उरला आहे, आणि ती हौस मला तरी कळलेली नाही.

सगळ्यात जास्त गैरसमज सोन्याचे, आणि तिथे नियमांनीही गोंधळात भरच घातली होती. २०१६ च्या नियमात एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्या स्त्रीला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅम दागिने मोफत होते. पण पुढे अट होती: स्त्रीच्या दागिन्यांची किंमत एक लाखापर्यंत, पुरुषाच्या पन्नास हजारांपर्यंत. २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याचाच भाव लाखाच्या वर गेला. कागदावर चाळीस ग्रॅम, हातात दहासुद्धा नाही. कित्येक बायका 'चाळीस ग्रॅम चालते' हे ऐकून निर्धास्त आल्या आणि काउंटरवर किमतीची अट कळली. नव्या नियमांत किमतीची अट काढली. आता फक्त वजन पाहतात. पण एका वर्षाच्या मुक्कामाची अट आहेच. आठ दिवसांच्या दुबई सहलीहून येणाऱ्या वहिनींना ही खास सवलत नाही, मग पॅकेज टूरच्या गाइडने काहीही सांगितलेले असो.

शिवाय ती सवलत दागिन्यांना आहे. बिस्कीट, नाणे, वळे यांना नाही. सहा महिने परदेशी राहिलेल्याला एक किलोपर्यंत सोने शुल्क भरून आणता येते. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचे शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आले, तेव्हा त्याचा फायदा अशा प्रवाशांनाही झाला. हे शुल्क परकीय चलनात भरायचे असते, म्हणून खिशात शेवटचा दिरहम उरेपर्यंत खरेदी करणाऱ्याची पंचाईत होते. ज्याचा मुक्काम सहा महिन्यांपेक्षा कमी, त्याला हा कमी दर मिळत नाही.

एक बाजू कोणी फारशी सांगत नाही. मुलीच्या बाळंतपणासाठी किंवा परदेशातल्या लग्नासाठी इथून जाताना अंगावर पाटल्या, तोडे, राणीहार असेल, तर निघतानाच विमानतळावर सीमाशुल्क कार्यालयातून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे. दागिन्यांचे वर्णन, वजन, किंमत त्यात येते. आधी सराफाकडून मूल्यांकन आणि फोटो करून ठेवले की काम लवकर होते. परत येताना 'हे माझेच, इथूनच नेलेले' हे शपथेवर सांगत बसावे लागत नाही. गळ्यातल्या मंगळसूत्रासाठी एवढा खटाटोप कोणी करत नाही, ते ठीक. पण वीस तोळे घालून निघालेल्या माणसाला विमान सुटण्याआधीचा तो अर्धा तास परवडला पाहिजे.

कायद्याचे ८० वे कलमही असेच अडगळीत पडलेले. आणलेली वस्तू तुम्ही खरी सांगितली, पण शुल्क भरायचे नाही किंवा वस्तू आणायला मनाई आहे, तर ती विमानतळावर ठेवून पावती घ्यायची आणि देश सोडताना परत घ्यायची. महिनाभराच्या सुट्टीवर येणाऱ्या आखातातल्या कामगाराला हे फार सोयीचे. फक्त अट एकच: आधी खरे सांगितलेले हवे. लपवलेली वस्तू सापडल्यावर हे कलम आठवून उपयोग नाही.

आता पार्सलकडे. 'गिफ्ट' लिहिले की ड्युटी नाही, हा समज डिसेंबर २०१९ पर्यंत काही अंशी खरा होता. पाच हजारांपर्यंतची भेट सुटायची. चिनी संकेतस्थळांवरून येणाऱ्या मालावर सर्रास 'गिफ्ट' लिहिले जाऊ लागले, तेव्हा सरकारने ती वाट बंद केली. अपवाद दोनच ठेवले: जीवरक्षक औषधे आणि राखी. त्यातही राखी म्हणजे राखीच. सोबत पाठवलेले घड्याळ नाही. बाकी भेटवस्तूवर सीमाशुल्काबरोबर आयजीएसटीही लागतो. पार्सल टपालाने आले असेल तर शुल्काची रक्कम पोस्टमन दारात घेतो, पावतीसह.

उलट्या दिशेने जाणाऱ्या पार्सलचा अनुभव २०२५ च्या दिवाळीने दिला. अमेरिकेने २९ ऑगस्टपासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची शुल्कमाफी काढली. शुल्क कोणी, कसे गोळा करायचे याचा पत्ता नसल्याने भारतीय टपाल खात्याने तिकडची पार्सले थांबवली, आणि चकल्या-अनारशांचे डबे घेऊन पोस्टात गेलेले आईबाप परत आले. सेवा १५ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या दोन दिवस आधी सुरू झाली, तेव्हा शुल्काचा दर होता मालाच्या किमतीच्या ५० टक्के, पाठवणाऱ्याने इथेच भरायचा. 'फराळावर अर्धी किंमत ड्युटी' ही बातमी गावभर झाली. तिच्यातली बारीक ओळ कोणी वाचली नाही: १०० डॉलरपर्यंतच्या खऱ्या भेटवस्तूला अमेरिकेची सूट तेव्हाही होती. आईने मुलाला पाठवलेला डबा बहुधा तिच्यात बसतो. दुकानातून ऑर्डर करून पाठवलेला बसत नाही.

राहिला तो कस्टमवाला, जो विमानतळावर भेटत नाही, फोनवर भेटतो. 'तुमच्या नावाचे पार्सल दिल्ली विमानतळावर अडकले आहे, पस्तीस हजार ड्युटी भरा.' परदेश न पाहिलेल्यांनाही हे फोन येतात, आणि ज्यांना नियम ठाऊक नाहीत ते घाबरून भरतात. सीमाशुल्क विभाग फोन करून कोणाच्या खासगी खात्यात किंवा यूपीआयवर पैसे मागत नाही. त्यांच्या प्रत्येक पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजे डीआयएन असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. व्हिडिओ कॉलवर 'अटक' करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, कारण रक्कम खात्यात गोठवता येते ती सुरुवातीच्या काही तासांतच.