एकटी, कॅमेरा आणि युटा-ॲरिझोनाचं वाळवंट 📷

पहाटेचा काळोख, बोटं बधिर करणारी थंडी आणि मेसा आर्चसमोर ट्रायपॉडची दाटी. कॅनियनलँड्समधली ही कमान अक्षरशः पेटते! सूर्य वर आला की ऊन खालच्या कड्यावर पडतं, तिथून उलटून वर येतं आणि कमानीचं पोट केशरी होतं. खेळ थोडाच वेळ चालतो. मनासारखी जागा हवी तर सूर्योदयाच्या तासभर आधी पोचा.

ब्राइस कॅनियन नावालाच कॅनियन. ही नदीने कोरलेली दरी नव्हे. भेगांत मुरलेलं पाणी रात्री गोठून फुगतं, दिवसा वितळतं आणि खडक फोडत जातं. त्यातूनच हे 'हूडू', म्हणजे दगडी सुळके घडले. काठ ८,००० ते ९,००० फुटांवर, त्यामुळे मे महिन्यातही स्वेटर लागला.

अँटेलोप कॅनियन नावाहो लोकांच्या भूमीत आहे; गाइडशिवाय प्रवेश नाही. डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी गाफील राहू नका. १९९७ मध्ये दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा इथे घुसला आणि ११ पर्यटकांचा जीव गेला.

एकट्याने जाणार असाल तर:
🔸 उन्हाळ्यात नावाहो नेशन घड्याळ तासभर पुढे करतं, बाकी ॲरिझोना नाही. फोनवर विसंबून मी तासभर आधीच जाऊन बसले!
🔸 आय-७० वर ग्रीन रिव्हर ते सलायना, सुमारे १७० कि.मी. पेट्रोल पंप नाही.
🔸 नॅशनल पार्कमध्ये ड्रोनला बंदी.
🔸 ऑफलाइन नकाशे, भरपूर पाणी आणि घरी रोज एक मेसेज.