पूर्णेचा गाळ, चुनखडी आणि खारे पाणी

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागातील, विशेषतः शेगाव, नांदुरा, जळगाव-जामोद व संग्रामपूर या तालुक्यांतील शेतकऱ्यांस एक विलक्षण अनुभव नित्याचा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी खणलेल्या विहिरीस गोड पाणी लागते. तेथून थोडे दक्षिणेस पूर्णेकडे सरकले की जमीन अधिक काळी व सपाट, परंतु विहिरीचे पाणी खारे. पुष्कळ लोक हा दैवाचा खेळ समजतात. वस्तुतः याचे कारण आपल्या पायांखालील थरांत आहे, आणि ते थर कोणी व कसे रचले हे समजून घेतल्यास विहिरीवर व्यर्थ जाणारा पैसा पुष्कळ अंशी वाचेल.

या जिल्ह्याचा पाया काळ्या कातळाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून तप्त रस वाहिला व थंड होऊन त्याचे थरांवर थर साचले. पुढे सातपुड्याच्या दक्षिण कडेस भूकवचास मोठी भेग पडून तिच्या दक्षिणेकडील कातळ खाली खचला. उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस अजिंठ्याचा डोंगर यांच्यामध्ये अशा रीतीने एक लांबट द्रोणी तयार झाली. बैतूल जिल्ह्यात उगम पावून चांगदेव येथे तापीस मिळणारी पूर्णा याच द्रोणीतून वाहते. (गोदावरीस मिळणारी खडकपूर्णा ती निराळी.)

ही द्रोणी नद्यांनी भरून काढली. उत्तरेकडून वान व दक्षिणेकडून ज्ञानगंगा, विश्वगंगा, नळगंगा या नद्या डोंगर झिजवून गाळ आणीत राहिल्या. वाहत्या पाण्याचा नियम असा की, वेग जितका अधिक तितका जड माल ते वाहून नेते. डोंगर सोडताच उतार कमी होतो, तेव्हा प्रथम धोंडे व गोटे पडतात, पुढे रेती, आणि अगदी शेवटी, पूर संथ पसरतो तेथे, बारीक चिकणमाती. म्हणूनच सातपुड्याच्या पायथ्याशी गोट्यांचा भरणा, तर मध्यभागी चिकणमातीचे जाड थर आढळतात. नदीने पात्र बदलले की जुन्या रेतीवर माती व मातीवर पुन्हा रेती, असे एकावर एक पदर चढतात. काही ठिकाणी या गाळाची जाडी ३०० मीटरांहून अधिक आहे. यांतीलच एका पदरात ज्वालामुखीची राख सापडली असून, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीच्या स्फोटातून ती येथवर उडून आली, असे अनेक संशोधक मानतात.

वारादेखील असे थर रचतो, परंतु त्याची खूण निराळी. वारा गोटे उचलू शकत नाही. तो सारख्या आकाराची रेती निवडून टेकड्या रचतो आणि त्यांचे पदर तिरपे पडतात. अमेरिकेतील युटा प्रांतात झायन येथे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटी टेकड्यांचा असा प्रस्तर झाला असून त्याच्या उंच कड्यांवर ते तिरपे पदर आजही स्पष्ट दिसतात. पूर्णेच्या खोऱ्यात वाळवंटी टेकड्या नाहीत. येथील गाळ नदीचाच. तथापि कोरड्या हवेने आपली खूण येथेही ठेवली आहे. ती खूण म्हणजे चुनखडीचे पांढरे खडे.

काळा कातळ झिजतो तेव्हा त्यातून चुन्याचा अंश व सोडियमचे क्षार सुटतात. भरपूर पाऊस व चांगला निचरा असेल तर दोन्ही वाहून जातात. परंतु हवा कोरडी व माती चिकण असली म्हणजे पाणी आत थबकते आणि वाफ होऊन उडते. त्या वेळी चुना प्रथम घट्ट होऊन खड्यांच्या रूपाने खाली बसतो, आणि मागे उरलेल्या पाण्यात सोडियमचे प्रमाण वाढत जाते. याच जिल्ह्याच्या दक्षिणेस लोणारचे सरोवर याची साक्ष देते. काठावरील धारेचे पाणी गोड, पण ते ज्या सरोवरात पडते त्यास बाहेर वाट नाही. म्हणून तेथील पाणी खारे. पूर्णेच्या खोऱ्यास वाट आहे, परंतु चिकणमातीमुळे भूमीतील पाणी अतिशय मंद सरकते. परिणाम त्याच जातीचा.

यावरून शेतकऱ्याने काय बोध घ्यावा? पहिली गोष्ट, विहीर खणताना निघणारा प्रत्येक थर पाहावा व त्याची खोली लिहून ठेवावी. गोटे व स्वच्छ रेती ही शुभ चिन्हे होत. जाड चिकणमातीत चुनखडी विपुल निघू लागल्यास सावध व्हावे, आणि अधिक खोल गेल्याने पाणी गोड होईल या आशेवर कर्ज काढू नये. दुसरी गोष्ट, पाणी तपासल्यावाचून पिकास देऊ नये. सोडियमयुक्त पाण्याने काळी माती फुगते, तिची छिद्रे बुजतात, व सुकल्यावर ती दगडासारखी कठीण होते. यालाच आपण चोपण जमीन म्हणतो. एका हंगामाचे पीक वाचविण्याच्या नादात पुढील अनेक वर्षांची जमीन जाते. तिसरी गोष्ट, चोपण जमिनीस जिप्सम द्यावे, परंतु सोबत चर खणून निचरा अवश्य करावा. जिप्सममधील चुन्याचा अंश सोडियमची जागा घेतो खरा. पण सुटलेल्या सोडियमला बाहेर जाण्यास वाट नसेल तर श्रम वाया जातात. माती व पाणी यांच्या परीक्षेसंबंधी १९६९ साली स्थापन झालेल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्यावा.

खारपाणपट्ट्यात खरे गोड पाणी आकाशातून पडते तेच. ते शेततळ्यात साठवून पावसाच्या खंडात एक-दोन वेळा पिकास दिले, तर पुष्कळदा कपाशी व तूर तरून जातात. पायथ्याकडील बंधूंनीही हे ध्यानी धरावे की, त्यांच्या गोट्यांच्या थरांतील गोड पाणी पावसानेच भरते. भरण्याहून उपसा अधिक झाला तर संत्र्याच्या बागाही कोरड्या पडतील. नद्यांनी हजारो वर्षे खपून रचलेली ही जमीन पालटणे आपल्या हाती नाही. तिचे थर ओळखून तिच्याशी जुळते घेणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.