दांतांचें बळ आणि आज्ञेचें बळ

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणारी आगगाडी सालेकसा सोडून दरेकसा येथील बोगद्याकडे निघाली कीं रुळांच्या दोन्ही अंगांस रान दाट होऊं लागतें. महाराष्ट्राच्या पूर्व टोंकाचा हा तालुका. पलीकडे छत्तीसगड आणि मध्यप्रदेश. नक्षलवादी चळवळीचा उपद्रव या सीमाभागानें अनेक वर्षें सोसला आहे. अशा रानांत वाटेखालीं पुरलेला सुरुंग माणसाच्या डोळ्यांस दिसत नाहीं. त्याचा माग काढावयाचा तर कुत्र्याचें नाकच हवें.

गेल्या माघांत, कचारगडच्या यात्रेच्या सुमारास, सालेकसा येथें एका आप्तांकडे आमचा मुक्काम होता. घर एकत्र कुटुंबाचें. तीन पिढ्या एका पंगतीला. तेथील कॉलेजांत जाणाऱ्या नातवानें ‘बेल्जियन मॅलिनॉइस’ जातीचें पिलूं आणण्याचा हट्ट धरला होता. “आजोबा, लष्करांत हेंच कुत्रें असतें. याच्या चाव्यानें हाड मोडतें!” आजोबांनीं पानाचें तबक पुढें ओढीत विचारलें, “मोडत असेल, बाबा. पण धरलेला हात तें कोणाच्या सांगण्यावरून सोडतें?” नातू गप्प राहिला. आजोबांच्या त्या प्रश्नाचाच थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम दांतांचें बळ पाहूं. मोठ्या माणसास बत्तीस दांत, तर कुत्र्यास बेचाळीस. वर वीस, खालीं बावीस. पुढचे चार सुळे भक्ष्य धरून ठेवण्यासाठीं, तर मागच्या धारदार दाढा मांस कातरण्यासाठीं असतात. कानशिलावरचे व गालांतले जाड स्नायू जबडा मिटतात. आजोबांच्या तबकांतला अडकित्ता घेतला तर यांतील मर्म सहज ध्यानांत येईल. सुपारी टोंकाशीं धरली तर फुटतां फुटत नाहीं. खिळीजवळ सरकविली कीं चटकन् कातरली जाते. जबड्याचेंही तसेंच आहे. सांध्याजवळच्या दाढांवर जोर अधिक, टोंकाच्या दांतांवर कमी. म्हणून पोलिसी व लष्करी कुत्र्यास शिकवितांना तें नुसत्या पुढच्या दांतांनीं ओझरतें न धरतां तोंड भरून, स्थिरपणें धरील, याकडे शिक्षकाचें लक्ष असतें.

हा जोर आंकड्यांत किती? १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पशुवैद्यकीय प्रयोगांत बावीस कुत्र्यांना दाबमापक यंत्र चावावयास दिलें होतें. सर्वांत हलका चावा अवघा सव्वा किलो वजनाइतका, सर्वांत जबर चावा सुमारें १४० किलोंइतका, आणि सरासरी सुमारें २६ किलोंची भरली. एवढी तफावत कां? कुत्र्याचें आकारमान, डोक्याची ठेवण, कोणता दांत टेकला, आणि मुख्य म्हणजे चावण्याची इच्छा किती, यांवर सारें अवलंबून असतें. तेव्हां ‘अमुक जातीचा चावा इतक्या किलोंचा’ असें कोणी छातीठोकपणें सांगूं लागल्यास त्यावर एकदम विश्वास ठेवूं नये. शिवाय धांवत येऊन झेपावणाऱ्या पंचवीस-तीस किलोंच्या देहाचा धक्का निराळाच. पुष्कळदां माणूस दांतांआधीं त्यानेंच आडवा होतो.

कांहीं कुत्र्यांचा जबडा एकदां मिटला कीं कुलुपासारखा अडकतो, अशी एक समजूत आहे. ती खरी नाहीं. तसें कुलूप कोणत्याही जातींत नाहीं. पकड असते ती स्नायूंची आणि मनाची. म्हणूनच ती शिक्षणानें सोडवितां येते. तागाच्या जाड बाहीवर पिलास धरावयास शिकवितात तें खेळ म्हणून, आणि त्याच खेळांत ‘सोड’ ही आज्ञाही शिकवितात. श्वानपथकांत कुत्र्याचा सांभाळ करणाऱ्यास ‘श्वानहस्तक’ म्हणतात. त्याच्या एका शब्दावर जें कुत्रें पकड सोडीत नाहीं, तें कितीही बळकट असलें तरी कामाचें नव्हे.

ऑक्टोबर २०२२ मध्यें काश्मिरांत अनंतनाग जिल्ह्यांत लष्कराच्या ‘झूम’ नांवाच्या कुत्र्यानें दोन गोळ्या लागल्यावरही दहशतवाद्यांशीं झुंज सोडली नाहीं. १३ ऑक्टोबर रोजीं त्यानें प्राण सोडला. तो मॅलिनॉइस जातीचाच होता. दांतांचें बळ योग्य हातीं असलें म्हणजे काय करूं शकतें, याचें हें उदाहरण.

परंतु महाराष्ट्रानें ज्या कुत्र्याला सर्वांत अधिक धन्यवाद द्यावेत, त्याची कीर्ति चाव्याची नाहीं. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळीं मुंबई पोलिसांच्या ‘झंजीर’नें ३,३२९ किलो आर्‌डीएक्स, ६०० स्फोटक टोप्या, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसें हुडकून दिलीं. तो होता लॅब्राडोर. शिकार केलेला पक्षी दांत न उमटवितां धन्याकडे आणून देण्यासाठीं जोपासलेल्या जातीचा. नोव्हेंबर २००० मध्यें तो वारला, तेव्हां पोलिसांनीं त्याला सन्मानानें निरोप दिला. त्यानें किती जीव वांचविले याची मोजदाद कोण करणार?

घरांत रांगतें मूल आहे, काठी टेकीत चालणाऱ्या आजी आहेत, दाराशीं पाहुण्यांची वर्दळ आहे; तेथें दिवसाचे कित्येक तास काम मागणारें असें कुत्रें साखळीला बांधून ठेवणें हा त्या जनावरावरही अन्यायच आहे. कामाविना कोंडलेलें बळ कोठें फुटेल याचा नेम नसतो. आणि कुत्रें कोणतेंही असो, तें चावलेंच तर जखमेवर हळद, तिखट किंवा चुना भरूं नये. वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा आणि लशीचे सर्व डोस पुरे करावेत. रेबीजचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं रोगी क्वचितच वांचतो.

आमच्या आप्तांकडे पुढें काय झालें, हें वाचकांस जाणून घ्यावेसें वाटेल. चैत्रांत पत्र आलें. मॅलिनॉइस आला नाहीं. गल्लींतलेंच एक तांबूस पिलूं घरीं आलें आहे. नातवानें त्याला पहिला शब्द शिकविला तो ‘सोड’. आजोबांचा जोडा मात्र अद्याप एकच सांपडला आहे.