नाव खोडल्याने ओळख पुसत नाही

मराठवाड्याच्या विभागीय आयुक्तालयाने परभणीसह आठ जिल्ह्यांतील लक्षावधी शेतकरी कुटुंबांची पाहणी केली, आणि आत्महत्येचा विचार मनात येतो काय इथपर्यंतची माहिती तीतून पुढे आल्याचे २०२३ साली वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. अशा स्वरूपाची दप्तरे अभ्यासकांच्या स्वाधीन करण्याचा प्रसंग आला म्हणजे, नावे वगळल्यावर भय कसले, असे उत्तर मोठ्या विश्वासाने दिले जाते. या विषयातला हा सर्वांत घातक गैरसमज होय.

सोनपेठ किंवा पालम तालुक्यातील शे-दीडशे उंबऱ्यांचे एखादे गाव घ्यावे. निनावी ओळीत गाव, वय, धारणक्षेत्र आणि कर्ज एवढेच रकाने शिल्लक राहिले, तरी खातेदाराचे नाव, त्याच्या जमिनीचे क्षेत्र आणि इतर अधिकारांत नोंदलेला बँकेचा बोजा ज्यावर उघड दिसतो तो सातबारा आज कोणासही संकेतस्थळावर पाहता येतो. आणि खातेदार मृत झाला असेल, तर वारसांचा फेरफार त्या घराचा उरलासुरला आडोसाही काढून घेतो. निनावी ओळ आणि सातबारा शेजारी ठेवणाऱ्यास तलाठ्याला विचारण्याचीही गरज उरत नाही. अमेरिकेत लतान्या स्वीनी या विदुषीने १९९० च्या दशकात नेमके हेच करून दाखविले: वीस डॉलरला विकत घेतलेली मतदारयादी निनावी वैद्यकीय नोंदींशी ताडून तिने मॅसॅच्युसेट्सच्या राज्यपालांची नोंद हुडकून काढली.

शिरगणतीत सांगितलेले सारे सरकार हवे त्यास देते, ही समजूतही निराधार आहे. १९४८ च्या जनगणना अधिनियमाच्या १५ व्या कलमान्वये त्या नोंदी तपासण्याचा अधिकार कोणासही नाही. २०११ साली परभणी जिल्ह्यात मोजलेल्या १८,३६,०८६ माणसांचे तक्ते अभ्यासकास मिळतात, घरोघरची पत्रके मिळत नाहीत.

गोपनीयता जपली की संशोधन खुंटते, हे म्हणणे मला तितकेच अमान्य आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची कारणमीमांसा, जी उच्च न्यायालयाच्या सूचनेवरून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००५ साली केली, ती पीडित कुटुंबांच्या माहितीवाचून अशक्यच होती, आणि अशी मीमांसा व्हावयासच हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची कुटुंबनिहाय माहिती अभ्यासकांना मिळते. मात्र ग्रामीण नमुनास्थळाचे नकाशावरील ठिकाण हेतुतः पाच किलोमीटरपर्यंत, क्वचित दहापर्यंत, सरकविलेले असते. जिल्ह्याच्या दप्तरातही गावाऐवजी तालुका, मृत्यूच्या तारखेऐवजी वर्ष आणि नेमक्या क्षेत्राऐवजी क्षेत्रगट देता येईल. बहुतेक प्रश्नांना तेवढे पुरते.

संशोधनास कायद्याने सरसकट मुभा दिली आहे, हेही खरे नव्हे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाच्या १७ व्या कलमातील सूट दोन अटींवर आहे: विहित मानके पाळली पाहिजेत, आणि त्या माहितीवरून संबंधित व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेता कामा नये. तेव्हा अभ्यासासाठी दिलेली यादी पुढे एखाद्याचे कर्ज किंवा अनुदान अडविण्यासाठी वापरली गेली, तर ती या सवलतीच्या छत्राखाली येत नाही.