पोरं मोठी झाली, आता फोटोची हौस

लग्नाआधीची फोटोची आवड संसारात मागे पडते. मग वाटतं, आता या वयात काय!

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचा जन्म १८१५ चा, कोलकात्याचा. १८४२ मध्ये शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी त्यांना फोटोंचे नमुने पाठवले होते. तेव्हापासूनची ओढ, पण पदरी मोठा संसार. १८६३ मध्ये, ४८ व्या वर्षी, लेक-जावयानं त्यांना कॅमेरा दिला. इंग्लंडच्या घरी कोळशाच्या खोलीत त्या फोटो धुवायच्या. कोंबड्यांचं काचेचं खुराडं त्यांचा स्टुडिओ झालं. घरच्या कामवालीचेही चेहरे त्यांनी टिपले. १८६५ मध्ये लंडनच्या संग्रहालयानं त्यांचे फोटो विकत घेतले.

आपल्याला तर मोबाईल आणि घराचं दार पुरे. राजूर कोळशाच्या खाणीचं गाव, धूळ बसतेच. म्हणून आधी कॅमेऱ्याची काच मऊ फडक्यानं पुसा. सकाळी माणसाला दारापासून दोन हात आत बसवा, उजेड एका गालावर पडू द्या. झूम करू नका, दोन पावलं पुढे जा.

पहिला फोटो सासूबाईंचा काढा. तो छापून घ्या आणि मागे त्यांचं नाव, साल लिहा. खाली आपलंही नाव लिहायला विसरू नका.