अनोळखी वृक्ष आणि वामनवृक्ष

भिलाईच्या उत्तरेस सुमारे वीस-पंचवीस किलोमीटरांवर नंदिनी नगर ही खाणीची वसाहत आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. लोहखनिजातील वाळूसारखी अशुद्धी मळीच्या रूपाने वेगळी करण्यास चुनखडक लागतो, आणि त्यासाठी नंदिनीच्या खाणी खोदल्या गेल्या. खाणीबरोबर घरे आली, घरांबरोबर बागा आल्या. अशा वसाहतीत बिऱ्हाडे बदलत राहतात. लावणारा जातो, झाड मागे राहते, आणि त्याचे नाव बहुधा लावणाऱ्याबरोबरच जाते. मग नव्या बिऱ्हाडापुढे एक प्रश्न उभा राहतो. भिंतीपासून चार हातांवर एक सदाहरित, तुकतुकीत पानांचे झाड वाढत आहे; ते कसले हे कोणालाच ठाऊक नाही. कोणी म्हणतो तोडावे, कोणी म्हणतो कुंडीत घालून त्याचा वामनवृक्ष, म्हणजे जपानी लोक ज्याला बोन्साय म्हणतात तो, करावा. नाव कळल्यावाचून या दोहोंपैकी कोणताही सल्ला मानणे धोक्याचे आहे.

नाव विचारायचे तरी कोणाला? वडाला या भागात ‘बर’ म्हणतात, पिंपळाला ‘पीपर’ आणि उंबराला ‘डूमर’. ‘डूमर’ ऐकून मराठी माणूस गोंधळतो, आणि ‘उंबर’ ऐकून त्याचा शेजारी. म्हणूनच लिनीयसने १७५३ साली घालून दिलेली द्विनाम पद्धती उपयोगी पडते. ‘फायकस’ हे प्रजातीचे नाव व त्यापुढे जातीचे नाव एवढे सांगितले की भिलाई, पुणे आणि तोक्यो येथील माणसे एकाच झाडाविषयी बोलू लागतात. अर्थात हे नाव अंदाजाने चिकटवावयाचे नसते. रोपवाटिकांतच पाहा: ‘रेट्युसा’ म्हणून विकली जाणारी पुष्कळ रोपे वस्तुतः ‘फायकस मायक्रोकार्पा’ या निराळ्या जातीची असतात.

ओळखीचा आरंभ पानाच्या आकारापासून करण्याची सवय सर्वत्र दिसते. ती फारशी चांगली नाही, कारण एकाच झाडावर उन्हातील पान आणि सावलीतील पान निराळे असू शकते. अधिक भरवशाच्या खुणा फांदीवर असतात. कोवळी डहाळी मोडावी. पांढरा चीक आला, तर क्षेत्र पुष्कळच आकुंचित होते. तरीही सप्तपर्णी, बकुळ, पिवळी कण्हेर अशी कितीतरी झाडे उरतात. सप्तपर्णीची पाने एका पेऱ्यावर चक्राकार येतात, म्हणून ती लगेच वगळता येते. पिवळ्या कण्हेरीची पाने अरुंद व लांब असतात. तिचे सर्व भाग विषारी असल्यामुळे अनोळखी झाडाचा चीक जिभेला किंवा डोळ्याला लागू न देणे हा येथला पहिला नियम होय. बकुळ मात्र फसविते. तिची पाने तुकतुकीत व एकाआड एक असतात, आणि कोवळ्या फांदीतून थोडा चीकही येतो. येथे दुसरी खूण कामी येते. फांदीच्या टोकाची कळी टोपीसारख्या उपपर्णात गुंडाळलेली आहे काय? ती टोपी गळून पडल्यावर फांदीभोवती अंगठीसारखा वण राहिला आहे काय? असा वण सोनचाफ्यालाही असतो, पण सोनचाफ्याला चीक नसतो. चीक आणि अंगठी या दोन खुणा लहान, अखंड कडेच्या पानांबरोबर एकत्र आढळल्या म्हणजे झाड वड-पिंपळाच्या कुळीतले, फायकस प्रजातीचे, असे मानण्यास प्रत्यवाय नसतो.

यावर घरातील मंडळी हमखास एक आक्षेप घेतात: इतकी वर्षे झाली, या झाडाला फूल कसे आले नाही? क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो, त्याचे मूळ याच समजुतीत आहे. वस्तुतः या झाडांना हजारो फुले येतात. फक्त ती आतल्या बाजूस असतात. ज्याला आपण फळ म्हणतो तो पोकळ कुंभासारखा मांसल फुलोरा असून, सूक्ष्म फुले त्याच्या आतील भिंतीवर दाटीने बसलेली असतात. कुंभाच्या तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रातून एक इवलीशी गांधीलमाशी आत शिरते; शिरताना तिचे पंख बहुधा तुटून पडतात. ती परागण करते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. प्रत्येक जातीच्या झाडाची माशी बहुधा ठरलेली असते. ती माशी नसेल तर झाडाला रुजणारे बी येत नाही. मायक्रोकार्पा अमेरिकेतील फ्लॉरिडात शोभेसाठी नेण्यात आले. त्याची माशी तेथे पोहोचल्यावर मात्र पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून ते भिंतींवर आणि पुलांवर आपोआप उगवू लागले.

आता जातीचा निर्णय. पान हृदयाकृती आणि टोक लांब शेपटीसारखे असेल, तर तो पिंपळ. फळांचे घोस खोडावर लगडलेले असतील, तर उंबर. फांद्या खाली झुकलेल्या, पान पातळ व टोक अणकुचीदार असेल, तर बागांतून सर्रास लावला जाणारा ‘फायकस बेंजामिना’. पान लहान, जाडसर, टोकाला बोथट, आणि वाटाण्याएवढी फळे पानांच्या बगलेत जोडीने बसलेली असतील, तर तो नांदरुक, म्हणजेच मायक्रोकार्पा. शंका उरल्यास पाने, कळी व फळे यांसह एक डहाळी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवावी आणि ठिकाण व तारीख लिहून ठेवावी. वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही विभागाला असा नमुना शंभर छायाचित्रांहून उपयुक्त वाटतो.

झाड नांदरुक ठरले, असे समजू. वामनवृक्षासाठी यापेक्षा सोशीक झाड मिळणे कठीण. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वामनवृक्ष ही निराळी जात नव्हे. मुळांना थोडी जागा दिल्याने आणि शेंडे खुडल्याने ते लहान राहते. तेच रोप मोकळ्या जमिनीत लावले तर पुन्हा मोठा वृक्ष होते. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या बगलांतील कळ्यांना दाबून ठेवते. शेंडा खुडताच त्या कळ्या फुटतात, फांद्या दाट होतात आणि पाने बारीक येऊ लागतात. पान असे आटोक्यात येते, फळ मात्र फारसे लहान होत नाही. नांदरुकाचे वाटाण्याएवढे फळ लहानशा झाडावर शोभते. उंबराचे शोभत नाही, आणि लांब देठाचे पिंपळपान आवरता आवरता माळी थकतो.

याचा अर्थ मूळ झाड उपटून कुंडीत कोंबावे असा मुळीच नाही. त्याच्याच एका अंगठ्याएवढ्या जाड फांदीची गुटी बांधावी. पावसाळ्याच्या आरंभी फांदीभोवतीची दोन-तीन सेंटिमीटर रुंदीची साल काढतात, उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर खरवडतात, तेथे ओले शेवाळ गुंडाळतात आणि वर प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधतात. या कृतीतील युक्ती लक्षात घेण्याजोगी आहे. मुळांकडून वर जाणारे पाणी लाकडातून, म्हणजे प्रकाष्ठातून वाहते, म्हणून फांदी वाळत नाही. पानांनी केलेली साखर मात्र सालीतील परिकाष्ठातून खाली उतरते. वाट तुटल्यामुळे ती व ऑक्सिन जखमेच्या वरच्या कडेशी साचतात आणि तेथेच मुळे फुटतात. खरवडण्यात हयगय झाली तर साल पुन्हा सांधते व मुळे येत नाहीत. चार ते आठ आठवड्यांत कागदाआड पांढरी मुळे दिसली की गुटीखालून फांदी कापून घ्यावी.

कुंडीतील मातीविषयी नंदिनीत विशेष दक्षता हवी. छत्तीसगढात ‘कन्हार’ म्हणतात ती काळी चिकण माती उथळ कुंडीत पावसाळ्यात पाणी धरून मुळे कुजविते व उन्हाळ्यात तडकते. तिच्यात भरड वाळू, विटांचे तुकडे आणि कुजलेले पानखत भरपूर मिसळावे. दुसरी अडचण चुन्याची. चुनखडीच्या अल्कधर्मी मातीत लोह असते, पण ते विरघळत नाही. मग शिरा हिरव्या राहून कोवळे पान पिवळे पडते. पोलादाच्या मुलखात झाडाला लोहाची टंचाई भासावी, ही गंमतच म्हणावयाची! शिंपण्याचे पाणीही चुनायुक्त असेल तर पावसाचे पाणी साठवून वापरणे चांगले. एप्रिल-मे महिन्यांत उथळ कुंडीला दुपारची सावली आणि दोन वेळा पाणी द्यावे लागते. फांद्यांना वळण देण्यासाठी गुंडाळलेली तार सालीत रुतण्यापूर्वी काढावी. नांदरुक झपाट्याने जाड होतो, तेव्हा दर पंधरवड्याला ती पाहत जावे.

राहिला भिंतीजवळचा मूळ वृक्ष. फांद्या छाटल्याने त्याची मुळे थांबणार नाहीत, आणि ओलाव्याच्या शोधात ती पायाकडे व पाण्याच्या नळांकडे जाणारच. खोड अजून मनगटाएवढेच असेल, तर पहिल्या दोन-तीन पावसांनंतर भोवतालच्या मातीच्या गड्ड्यासह ते उकरावे, निम्मी पाने काढावीत आणि इमारतींपासून दूर, वसाहतीच्या मोकळ्या कडेला लावावे. तेथे त्याला हवा तेवढा घेर धरता येईल. स्थलांतराचा ताण पडण्याआधी गुटी उतरवून घेतलेली बरी, म्हणून ही दोन कामे एकाच पावसाळ्यात न करता लागोपाठच्या दोन पावसाळ्यांत करावीत.