ब्राउझरची नोंदवही

विटा हें सांगली जिल्ह्यांतील खानापूर तालुक्याचें मुख्य ठिकाण. ह्या अवर्षणाच्या मुलखांतील अनेक कुटुंबें गलाईच्या धंद्यानिमित्त भारतभर पसरलेलीं आहेत. जुने सोनें मुशींत वितळवून, तेजाबानें त्यांतील चांदी व तांबें निराळें करून शुद्ध सोनें हातीं घ्यावयाचें, हें त्यांचें काम. अशा विखुरलेल्या घरांतील पैशांचे व्यवहार आणि मुलांचे प्रवेशअर्ज आज बहुधा संगणकावरील ब्राउझरमधूनच होतात. एखादे वेळीं अर्ज पुरा भरून शेवटचें बटण दाबावें, आणि कांहींच घडूं नये! मुदत संपत आलेली. पान मात्र मुकें. चूक आपली कीं यंत्राची, हें कळावें कसें?

पान मुकें असलें तरी ब्राउझर मुका नसतो. पडद्यामागें जें जें घडतें, त्यांतील पुष्कळसें तो एका वहींत टिपून ठेवितो. ह्या वहीला 'कन्सोल' म्हणतात. २००६ सालीं ज्यो ह्युइट ह्यांनीं फायरफॉक्ससाठीं 'फायरबग' हें साधन काढिलें. पुढें अशीं साधनें ब्राउझरांतच समाविष्ट झालीं. क्रोम वा फायरफॉक्समध्यें बहुतेक संगणकांवर 'एफ १२' ही कळ दाबली, कीं एक चौकट उघडते. तींत 'कन्सोल' हा विभाग निवडावा.

तेथील ओळींच्या दाटीनें गोंधळून जाण्याचें कारण नाहीं. तांबडी ओळ चुकीची, पिवळी सावधगिरीच्या सूचनेची, उरलेल्या साध्या माहितीच्या. ओळीच्या उजव्या टोकाशीं फाइलीचें नांव व ओळीचा क्रमांक असतो. ४०४ हा आंकडा दिसला, तर मागितलेली वस्तु त्या पत्त्यावर सांपडली नाहीं असें समजावें. ५०० दिसल्यास दोष पलीकडच्या सर्व्हरवर आहे, आपल्या घरीं नव्हे.

गलाई कारागीर हिणकस धातु बाजूस सारतो, तद्वत् येथेंहि निवड करतां येते. फक्त चुकाच दाखव, असें ब्राउझरला सांगतां येतें. वरच्या चौकटींत एखादा शब्द लिहिला, कीं तो असलेल्याच ओळी उरतात. वही पुसण्याचेंहि बटण आहे. त्यानें नोंदी जातात, दोष जात नाहीं. पान नव्यानें उघडलें तर जुन्या नोंदी नाहींशा होतात आणि भरलेला अर्जहि जाण्याचा संभव असतो. म्हणून आधीं नोंदी राखून ठेवण्याचा पर्याय निवडावा व ओळ उतरून घ्यावी.

परंतु ही वही वाचावयाची तशी लिहावयाचीहि आहे, आणि खरा धोका येथेंच आहे. कन्सोलमध्यें लिहिलेली आज्ञा त्या पानावर आपल्याच अधिकारानें चालते. "ही ओळ येथें चिकटवा, बक्षीस मिळेल," असें कोणी सांगितलें आणि तें ऐकिलें, तर उघड्या खात्याच्या किल्ल्याच परक्याच्या हातीं जातात. ह्यासाठींच फेसबुक आपल्या कन्सोलमध्यें थांबण्याचा इशारा ठळक अक्षरांत देतें.

सारांश, वाचावें निर्धास्तपणें; चिकटवूं मात्र कांहींच नये. तांबडी ओळ, दिनांक व वेळ संकेतस्थळाच्या मदत-विभागाकडे कळवावी. तींत आपला क्रमांक वा सांकेतिक अक्षरें असल्यास तीं आधीं खोडावीं. "बटण चालत नाहीं" ह्या तक्रारीपेक्षां अशी एक ओळ दुरुस्ती करणाऱ्यास शतपट उपयोगी पडते.